वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतील क्रिकेट, संघ आणि संघटना

आफ्रिका खंडातील क्रिकेटविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच कुतूहल दिसते : एखादा संघ अचानक चमकतो आणि मग दिसेनासा का होतो? त्यामुळे पहिले उत्तर बरेच लांबले आहे.

प्रश्न : २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला हरवले, तेव्हा मी प्रेक्षकांत बसलो होतो. पुढे २००३ मध्ये हाच संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. आता मात्र त्याचे नावही कानावर येत नाही. असे का झाले?

उत्तर : आपण पाहिलेला सामना आकड्यांसह आठवण्यासारखा आहे. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला होता. स्टीव्ह टिकोलोच्या २९ धावा ही त्यातली सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती आणि अवांतर धावा तिच्याहूनही जास्त होत्या. ब्रायन लारा, रिची रिचर्डसन आणि कर्टली अ‍ॅम्ब्रोज यांचा वेस्ट इंडीज संघ त्यानंतर ९३ धावांत गारद झाला. मॉरिस ओदुम्बेने १५ धावांत ३ आणि रजब अलीने १७ धावांत ३ गडी बाद केले. लाराचा बळी रजब अलीचाच. त्या विजयामागे योगायोगापेक्षा शिस्तबद्ध गोलंदाजी अधिक होती.

२००३ च्या यशाबद्दल मात्र ‘नशिबाने मिळाले’ असे पुष्कळदा म्हटले जाते. न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणास्तव नैरोबीला येण्याचे नाकारले आणि त्या सामन्याचे गुण केनियाला न खेळता मिळाले, हे खरे आहे. पण याच नैरोबीत २४ फेब्रुवारी २००३ रोजी केनियाने श्रीलंकेला ५३ धावांनी हरवले, कॉलिन्स ओबुयाने लेगस्पिन टाकत २४ धावांत ५ गडी बाद केले आणि पुढे बांगलादेश व झिम्बाब्वे या दोन कसोटी संघांनाही या संघाने नमवले. एकाच स्पर्धेत तीन कसोटी संघांवर मिळवलेले विजय नशिबाच्या खात्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. संदीप पाटील त्या वेळी या संघाचे प्रशिक्षक होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. उपांत्य सामन्यात डर्बन येथे भारताने केनियाला ९१ धावांनी हरवले आणि ती वाटचाल थांबली.

घसरणीचे मूळ त्या यशाच्या काळातच होते. केनियाचे क्रिकेट म्हणजे मुख्यतः नैरोबीचे क्रिकेट. नैरोबी जिमखाना, आगा खान क्लब, सर अली मुस्लिम क्लब, स्वामिबापा अशा क्लबांच्या साप्ताहिक स्पर्धा हाच राष्ट्रीय संघाचा पाया होता. यांतील बरेच क्लब तेथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या समाजांनी उभे केले होते आणि काही मोजक्या आफ्रिकी कुटुंबांतील मुले याच मैदानांवर खेळ शिकली. २००३ च्या संघात केनेडी ओटिएनो, डेव्हिड ओबुया आणि कॉलिन्स ओबुया हे तीन सख्खे भाऊ होते. मार्टिन सुजी आणि टोनी सुजी ही भावांची दुसरी जोडी होती. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि ती आहेही तशीच. तरीही ज्या राष्ट्रीय संघातले पाच जण दोन घरांतून येतात, त्या देशात खेळाचा परीघ किती लहान आहे, हेही त्यातून कळते. ही पिढी थकल्यावर तिची जागा घेणारी पिढी शाळांमधून आणि इतर शहरांमधून तयार व्हायला हवी होती. तिच्यासाठी अनेक दिवसांच्या सामन्यांची देशांतर्गत स्पर्धाही हवी होती, कारण एकदिवसीय सामन्यांतला फलंदाजसुद्धा दिवसभर खेळपट्टीवर उभे राहूनच घडतो. यांतले काहीच पुरेसे झाले नाही.

उपांत्य फेरीनंतर मंडळातील वाद वाढले, पुरस्कर्ते दूर गेले, मानधनाच्या प्रश्नावर खेळाडूंनी संप केला आणि ऑगस्ट २००४ मध्ये ओदुम्बेवर सट्टेबाजाशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. २००५ मध्ये जुनी संघटना जाऊन ‘क्रिकेट केनिया’ ही नवी संघटना आली, परंतु तोवर मोलाची वर्षे वाया गेली होती. मोठ्या संघांनी या काळात केनियाशी पुरेसे सामने खेळले असते, तर घसरण इतकी वेगाने झाली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे. २०११ च्या विश्वचषकात केनियाने सर्व सामने गमावले. त्यातल्या चेन्नईच्या सामन्यात न्यूझीलंडने त्यांना ६९ धावांत बाद केले. २०१४ च्या पात्रता स्पर्धेनंतर एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही, म्हणजे त्यांचे असे सामने अधिकृत आंतरराष्ट्रीय धरले जाण्याचा हक्कही, गेला.

याच्या शेजारी नामिबियाची वाटचाल ठेवून पाहावी. २००३ च्या विश्वचषकात या संघाने सर्व सामने गमावले होते आणि त्या वेळी त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. देशाची लोकसंख्या जेमतेम तीस लाख. मात्र पुढील बरीच वर्षे नामिबियाचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतिक स्पर्धांमध्ये तीन दिवसांचे आणि एका दिवसाचे सामने खेळत राहिला. या नित्याच्या खेळाचे फळ सोळा वर्षांनी मिळाले. २०१९ मध्ये त्यांना एकदिवसीय दर्जा मिळाला. २०२१ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात त्यांनी आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्कॉटलंड यांना हरवले, २०२२ मध्ये जिलाँग येथे श्रीलंकेवर ५५ धावांनी मात केली आणि ११ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडहूकच्या नव्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या चेंडूवर हरवले. केनियाजवळ गुणवत्ता निश्चितच अधिक होती. नामिबियाला दर आठवड्याला तोडीचा प्रतिस्पर्धी मिळत होता.

केनियाचे नाव अगदीच पुसले गेलेले नाही. २०२५ मध्ये हरारे येथे झालेल्या टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या आफ्रिका पात्रता स्पर्धेत तो उपांत्य फेरीत होता. तेथे झिम्बाब्वेने त्याला हरवले.

प्रश्न : १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात ‘पूर्व आफ्रिका’ हा संघ होता. या नावाचा देश नसताना तो संघ कोणाचा होता?

उत्तर : केनिया, युगांडा, टांझानिया आणि झांबिया या चार देशांतील खेळाडूंचा तो संयुक्त संघ होता. हरिलाल शाह त्याचे कर्णधार होते. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कसोटी न खेळणाऱ्या देशांसाठी सहसदस्यत्वाची सोय केली आणि पुढच्याच वर्षी पूर्व आफ्रिकेने ते सदस्यत्व घेतले. प्रत्येक देशात खेळाडू थोडे, मैदाने त्याहून थोडी आणि प्रवासाचा खर्च मोठा, त्यामुळे एकत्र येणे तेव्हा शहाणपणाचेच होते. पश्चिमेकडेही असाच विचार झाला. लागोस आणि गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचे नायजेरिया आणि घाना, यांच्यात १९०४ पासून सामने होत होते. १९७६ मध्ये नायजेरिया, घाना, सिएरा लिओन आणि गांबिया हे चौघे ‘पश्चिम आफ्रिका’ या नावाने परिषदेचे सदस्य झाले.

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात पूर्व आफ्रिकेला एक कायमचे स्थान आहे. ११ जून १९७५ रोजी लीड्स येथे भारताने मिळवलेला पहिला एकदिवसीय विजय याच संघाविरुद्धचा आहे. बिशनसिंग बेदी यांनी त्या दिवशी १२ षटके टाकली, त्यांतली ८ निर्धाव होती आणि त्यांनी अवघ्या ६ धावा देऊन एक गडी बाद केला. पूर्व आफ्रिकेच्या १२० धावा गावसकर आणि फारुख इंजिनियर यांनी एकही गडी न गमावता पार केल्या. त्या संघातील कितीतरी नावे गुजराती आणि पंजाबी होती, कारण तेव्हा पूर्व आफ्रिकेतील क्रिकेट मुख्यतः तेथील आशियाई आणि युरोपीय वस्त्यांचा खेळ होता. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई समाजाला देशाबाहेर काढले, तेव्हा त्या देशाच्या क्रिकेटचा मोठा आधार एका फटक्यात नाहीसा झाला. नंतर युगांडात हा खेळ शाळांमधून पुन्हा रुजला आणि म्हणूनच आजचा युगांडाचा संघ त्या जुन्या संघापेक्षा अगदी वेगळा दिसतो.

संयुक्त संघाची मर्यादा लवकरच लक्षात आली. स्वतःच्या ध्वजाखाली न खेळणाऱ्या संघासाठी कोणतेही सरकार पैसा काढत नाही आणि शाळकरी मुलांनाही त्या संघात आपला देश दिसत नाही. केनिया १९८१ मध्ये वेगळा झाला, युगांडाला १९९८ मध्ये स्वतंत्र सहसदस्यत्व मिळाले, टांझानिया आणि नायजेरिया त्यानंतर आले. १९९७ मध्ये स्थापन झालेली आफ्रिकन क्रिकेट असोसिएशन याच काळातली आहे.

प्रश्न : दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या संस्थापकांपैकी एक असूनही १९७० ते १९९१ या काळात बाहेर राहिली. तेव्हा तेथे कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाचे लोक क्रिकेट खेळत नव्हते का?

उत्तर : खेळत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळत होते. आपण हे विचारलेत याचा मला आनंद आहे, कारण त्या एकवीस वर्षांची गोष्ट सांगताना ग्रॅम पोलॉक आणि बॅरी रिचर्ड्स या गोऱ्या फलंदाजांच्या हुकलेल्या कसोट्यांबद्दल हळहळ व्यक्त होते, पण ज्यांना कसोटीचे दारच कधी उघडले नाही त्यांचा उल्लेख मागे पडतो.

१९०९ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स, म्हणजे आजच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे मूळ रूप, स्थापन केली. त्या दक्षिण आफ्रिकेत केवळ गोऱ्यांची संघटना मोजली जात होती. क्रोम हेंड्रिक्स या वेगवान गोलंदाजाला त्याच्या वर्णामुळे १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यातून वगळण्यात आले होते. पुढे गोरेतर खेळाडूंनी स्वतःची संघटना बांधली आणि बेसिल डॉलिव्हेरा यांच्या नेतृत्वाखाली तिच्या संघाने १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेचा दौरा केला. त्याआधी १९५६ मध्ये केनियातील आशियाई खेळाडूंचा संघ त्यांच्याकडे येऊन गेला होता. या खंडातल्या दोन देशांमधले क्रिकेटसंबंध अशा रीतीने मुख्य संघटनेच्या बाहेर, वर्णभेदाने दूर लोटलेल्या माणसांनी जुळवले. आफ्रिकेतील क्रिकेटच्या इतिहासाचे पहिले पान मी लिहिले, तर या दोन दौऱ्यांना त्यावर जागा देईन.

डॉलिव्हेरा नंतर इंग्लंडला गेले, इंग्लंडकडून कसोटी खेळले आणि १९६८ मध्ये ओव्हलवर त्यांनी १५८ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी त्यांची निवड झाल्यावर तेथील पंतप्रधान फोर्स्टर यांनी तो संघ स्वीकारण्यास नकार दिला आणि दौरा रद्द झाला. मार्च १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका ४-० ने जिंकल्यानंतर दक्षिण आफ्रिका वर्णभेदी धोरणामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर गेली. त्याआधीही भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्याशी ती एकही कसोटी खेळली नव्हती, हे विसरता येणार नाही.

जून १९९१ मध्ये गोऱ्यांची संघटना आणि वर्णभेदविरोधी संघटना विलीन झाल्या, पुढच्याच महिन्यात भारताच्या पुढाकाराने सदस्यत्व परत मिळाले आणि १० नोव्हेंबर १९९१ रोजी दक्षिण आफ्रिकेचा संघ कोलकात्यात उतरला. प्रवीण आमरे यांनी त्या सामन्यात एकदिवसीय पदार्पण करून ५५ धावा केल्या आणि पुढच्या वर्षी डर्बनमध्ये कसोटी पदार्पणात १०३. मखाया एन्टिनी हे दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू. तो दिवस यायला १९९८ साल उजाडले. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेचे कृष्णवर्णीय कर्णधार टेम्बा बव्हुमा यांनी कसोटी अजिंक्यपदाची गदा उंचावली, तेव्हा एन्टिनींच्या पदार्पणाला सत्तावीस वर्षे झाली होती. संघटना एका ठरावाने एक झाली. मैदाने, शाळा आणि संधी यांची वाटणी दुरुस्त करण्याचे काम अजूनही चालू आहे.

प्रश्न : झिम्बाब्वेला कसोटी दर्जा देण्यात घाई झाली होती का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. झिम्बाब्वे, म्हणजे पूर्वीचा ऱ्होडेशिया, अनेक दशके दक्षिण आफ्रिकेच्या करी कप स्पर्धेत खेळत होता, त्यामुळे प्रथम श्रेणी क्रिकेटची सवय तेथे मुरलेली होती. १९८३ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाला १३ धावांनी हरवले. कर्णधार डंकन फ्लेचर यांनी नाबाद ६९ धावा केल्या आणि ४ गडीही बाद केले. टनब्रिज वेल्स येथे भारताची अवस्था ५ बाद १७ करणारा आणि कपिल देव यांना नाबाद १७५ ची खेळी करायला लावणारा संघही हाच. ऑक्टोबर १९९२ मध्ये हरारे येथे भारताविरुद्धच्या पहिल्या कसोटीत त्यांनी सामना अनिर्णित राखला आणि पंचेचाळीस वर्षांच्या जॉन ट्रायकॉस यांनी ५ गडी बाद केले. हेच ट्रायकॉस १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळले होते!

अडचण दर्जा मिळाल्यानंतरच्या कारभारात होती. २००४ मध्ये हीथ स्ट्रीक यांचे कर्णधारपद गेले आणि पंधरा खेळाडू मंडळाशी झगडून बाहेर पडले. २००६ पासून २०११ पर्यंत संघ कसोटी क्रिकेटपासून दूर राहिला. जुलै २०१९ मध्ये सरकारी हस्तक्षेपामुळे आंतरराष्ट्रीय परिषदेने सदस्यत्व निलंबित केले. ऑक्टोबरमध्ये ते परत मिळाले खरे, परंतु दरम्यान पुरुषांच्या टी-ट्वेन्टी पात्रता स्पर्धेत त्यांची जागा नायजेरियाला आणि महिलांच्या स्पर्धेत नामिबियाला देण्यात आली होती. ज्या खेळाडूंचा या वादाशी काहीही संबंध नव्हता त्यांचे एक वर्ष गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : नोव्हेंबर २०२४ मध्ये लागोस येथे आयव्हरी कोस्टचा संघ नायजेरियाविरुद्ध ७ धावांत बाद झाला. त्याच्या महिनाभर आधी झिम्बाब्वेने गांबियाविरुद्ध वीस षटकांत ३४४ धावा केल्या. अशा सामन्यांना आंतरराष्ट्रीय म्हणावे का?

उत्तर : म्हणावे. दोन्ही सामने टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या आफ्रिका उपविभागीय पात्रता फेरीतले होते. या फेऱ्या तेव्हा दार-ए-सलाम, नैरोबी आणि लागोस येथे झाल्या. त्यांतून निवडलेले संघ अंतिम विभागीय स्पर्धेत आले आणि तेथील पहिले दोन संघ, झिम्बाब्वे आणि नामिबिया, २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. आंतरराष्ट्रीय परिषदेने महिलांसाठी जुलै २०१८ पासून आणि पुरुषांसाठी जानेवारी २०१९ पासून सर्व सदस्य देशांमधील टी-ट्वेन्टी सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. त्यामुळे विक्रमांच्या याद्या विचित्र दिसू लागल्या, ही आपली तक्रार रास्त आहे. विक्रमांची यादी वाचताना प्रतिस्पर्धी कोण होता हे पाहण्याची सवय आता लावून घ्यावी लागेल.

पण याच व्यवस्थेने युगांडाला काय दिले तेही पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नामिबियात झालेल्या विभागीय स्पर्धेत युगांडाने झिम्बाब्वेला हरवले आणि आपला पहिला विश्वचषक गाठला. जून २०२४ मध्ये गयाना येथे त्यांनी पापुआ न्यू गिनीला हरवले, त्या सामन्यात ४३ वर्षांच्या फ्रँक न्सुबुगा यांनी चार षटकांत ४ धावा देऊन २ गडी बाद केले. तीनच दिवसांनी वेस्ट इंडीजने युगांडाला ३९ धावांत बाद केले. हे दोन्ही निकाल युगांडाच्या क्रिकेटचे खरे चित्र आहेत आणि विश्वचषकाचे दार बंद असते, तर त्यांतला एकही कोणाला दिसला नसता.

प्रश्न : रवांडा हा पूर्वी बेल्जियमच्या ताब्यातील देश. तेथे क्रिकेट, आणि तेही मुलींचे, कसे पोहोचले?

उत्तर : निर्वासितांबरोबर. १९९४ च्या नरसंहारानंतर युगांडा, केनिया, टांझानिया येथून परतलेल्या कुटुंबांतील तरुणांनी हा खेळ सोबत आणला. त्यांचे सुरुवातीचे मैदान किगालीतील किचुकिरो भागातील तांत्रिक शाळेचे होते आणि नरसंहाराच्या दिवसांत त्याच शाळेत आश्रयाला आलेल्या लोकांवर भयंकर संकट ओढवले होते. नव्या मैदानासाठी निधी जमावा म्हणून राष्ट्रीय कर्णधार एरिक दुसिंगिझिमाना यांनी २०१६ मध्ये नेटमध्ये सलग ५१ तास फलंदाजी केली. गहांगा येथील ते मैदान ऑक्टोबर २०१७ मध्ये खुले झाले.

नरसंहारात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी ‘क्विबुका’ ही महिलांची टी-ट्वेन्टी स्पर्धा होते. त्या शब्दाचा अर्थच ‘स्मरण करणे’ असा आहे. आजूबाजूच्या देशांतील महिला संघांना नियमित सामने मिळण्याचे ते मोठे ठिकाण झाले आहे. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुलींच्या पहिल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात रवांडाने झिम्बाब्वे आणि वेस्ट इंडीज यांना हरवले. दोन वर्षांनी याच स्पर्धेत नायजेरियाच्या मुलींनी न्यूझीलंडवर २ धावांनी विजय मिळवला. मुलांच्या स्पर्धांत जुन्या देशांची आघाडी शंभर वर्षांची आहे. मुलींच्या क्रिकेटमध्ये ते अंतर बरेच कमी आहे, आणि आफ्रिकेतील पुढचा मोठा संघ महिलांचा असेल असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : २०२७ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया येथे होणार आहे. यजमान म्हणून तिघांनाही थेट प्रवेश आहे का?

उत्तर : नाही. दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे हे परिषदेचे पूर्ण सदस्य असल्यामुळे त्यांना थेट प्रवेश आहे. नामिबिया सहसदस्य असल्यामुळे त्याला पात्रता स्पर्धेतूनच यावे लागेल. स्पर्धेत चौदा संघ असतील. २००३ मध्ये काही सामन्यांचा यजमान असलेला केनिया हाही सहसदस्यच होता, पण एकदिवसीय दर्जामुळे त्याला थेट प्रवेश मिळाला होता. तेव्हाचा नियम मला अधिक न्याय्य वाटतो, कारण यजमान संघाशिवाय विंडहूकमध्ये विश्वचषकाचे सामने भरवल्याने तेथील मुलांच्या हाती फारसे काही लागणार नाही.